पफर माशाचे वाढलेले दात: कधी कापायचे, कसे कापायचे आणि पुढे काय खाऊ घालायचं

दात वाढलेला पफर उपाशी मरतो तेव्हा टाकीत खाणं पडलेलंच असतं. तो खाण्याकडे झेपावतो, नेम धरतो, तोंड लावतो, पण घास आत जात नाही. मालकाला वाटतं की आज भूक नसेल. दोन आठवड्यांनी पोट खपाटीला गेलेलं दिसतं आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. हा त्रास वेळेत ओळखता येतो, त्यावर उपाय आहे आणि योग्य खाणं दिलं तर बहुतेक वेळा तो टाळताही येतो.

पफरच्या जबड्यात आपल्यासारखे सुटे दात नसतात. वर दोन आणि खाली दोन अशा चार पट्ट्यांची मिळून कठीण चोच असते, तिच्या मधोमध बारीक शिवण दिसते. ही चोच मासा जिवंत असेपर्यंत वाढत राहते. नदीत, खाडीत किंवा समुद्रात त्याला गोगलगायी, शिंपल्या, खेकडे फोडूनच पोट भरावं लागतं, त्यामुळे जेवढी वाढ तेवढी झीज होते. मालवण-रत्नागिरीकडच्या मच्छीमारांना या चोचीची ताकद चांगलीच ठाऊक आहे. केंड माशांचा थवा आला की जाळी कुरतडली जातात, आणि केंड म्हणजे पफरच. त्याच जातकुळीच्या माशाला आपण घरी ब्लडवर्म (मऊ लाल अळ्या) आणि सोललेली कोळंबी देत राहतो. झीज थांबते, वाढ चालूच राहते.

कोणत्या पफरला जास्त धोका

मुंबईत सगळ्यात जास्त विकला जातो तो पी पफर. हा आपल्या पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला मासा. 1941 साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाढतो. याचे दात क्वचितच इतके वाढतात की कापावे लागतील, आणि इतक्या लहान तोंडात हत्यार घालणं मला धोक्याचं वाटतं. पी पफरचा प्रश्न खाण्यानंच सोडवायचा.

खरा त्रास होतो तो ग्रीन स्पॉटेड, फिगर एट, फहाका, म्बू आणि दक्षिण अमेरिकन पफर यांना. यातल्या शेवटच्याचे दात इतक्या वेगानं वाढतात की चांगलं खाणं देऊनही तो कापायला लावू शकतो. घेण्याआधी याचा विचार जरूर करा. ग्रीन स्पॉटेड पफर दुकानात अनेकदा गोड्या पाण्यात ठेवलेला असतो, पण वाढत्या वयात त्याला निमखारं पाणी लागतं, आणि ते मरीन सॉल्ट घालून करायचं, घरातल्या मिठानं नव्हे. चुकीच्या पाण्यातला मासा आधीच अशक्त असतो, त्याला गुंगी देणं आणखी जोखमीचं.

ओळखायचं कसं

निरोगी पफरचं तोंड मिटलेलं असताना चोचीची फक्त टोकं, ओठांच्या मधली एक पांढरी रेघ दिसते. दात वाढले की ओठ मिटत नाहीत. वरची पट्टी खालच्या ओठावर येते किंवा खालची पुढे सरकून वर वळते, आणि समोरून पाहिलं तर मासा सतत दात विचकतोय असं वाटतं.

महिन्यातून एकदा मोबाईलवर समोरून आणि बाजूनं एकेक फोटो काढून ठेवा. खाणं दाखवलं की पफर काचेला नाक लावून उभा राहतो, तोच क्षण पकडायचा. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारी वाढ कळत नाही, पण तीन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळते. मासा खात असतानाचा स्लो मोशन व्हिडिओही काढा. खाणं ओढून घेताना तोंड पुरेसं उघडतंय का, घास आत जाऊन परत बाहेर पडतोय का, तुकडा चावण्याऐवजी नुसता कडेनं ढकलला जातोय का, हे डोळ्यांना चुकतं पण व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

दातच कारण आहे ना, हे आधी ठरवा

मासा खात नाही म्हणजे दात, असा निष्कर्ष लगेच काढू नका. पहिल्यांदा पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य हवेत. पफर भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि घाण पाणी त्याला अजिबात सोसत नाही. दुसरी शक्यता पोटातल्या जंतांची. नद्यांतून पकडून आणलेल्या पफरमध्ये जंत नेहमीचे. असा मासा व्यवस्थित खातो आणि तरीही वाळत जातो, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांब येते. तिसरं म्हणजे नुकताच आणलेला मासा: त्याला जिवंत खाण्याची सवय असते, फ्रोझन तुकडा हे अन्न आहे हेच त्याला कळत नाही. आणि कधीकधी जबडाच आखडतो. तोंड अर्धवट उघडं राहतं पण दात मात्र नेहमीच्याच लांबीचे असतात. यातल्या कशावरही दात कापणं हा इलाज नाही. उलट आजारी माशाला विनाकारण गुंगी दिल्यासारखं होईल.

दात थोडेच वाढलेत आणि मासा खातोय, अशी स्थिती असेल तर कात्री हातात घेऊच नका. दोन-तीन आठवडे कवचवालं खाणं द्या आणि फोटो काढत राहा. बरेच दात एवढ्यानंच जागेवर येतात. मासा खायला धडपडतो, घास घेऊ शकत नाही आणि ओठ मिटत नाहीत, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच दात कापायचे.

डॉक्टर की घरी

पहिला प्रयत्न डॉक्टरचाच करा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर मासे बघत नाहीत, म्हणून एक्झॉटिक प्राणी पाहणारे डॉक्टर शोधा, किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. फोनवर एकच नेमका प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, माशाला गुंगी देऊन काही केलंय का तुम्ही याआधी?’ हो म्हणाले तर मासा घेऊन जा. झाकणाच्या बादलीत टाकीचंच पाणी आणि बॅटरीवरचा एअरपंप घ्या, आणि लोकलच्या गर्दीची वेळ टाळा. साधारण 15 सेंटिमीटरच्या वरचा पफर असेल तर घरी करूच नये असं माझं ठाम मत आहे. मोठ्या चोचीला निपर (बारीक टोकाची कातरणारी पक्कड) लावला की ती उभी तडकू शकते; तिथे फिरत्या हत्यारानं घासून दात कमी करावे लागतात आणि ते सरावलेल्या हाताचं काम आहे.

मधल्या आकाराच्या माशासाठी डॉक्टर मिळालाच नाही आणि मासा उपाशी राहतोय, अशा वेळी घरी करता येतं. पण एकट्यानं नाही, दोघं हवीत. एकानं मासा धरायचा आणि कापायचं, दुसऱ्यानं घड्याळ आणि कल्ले बघायचे.

तयारी

लवंगाचं तेल शुद्ध हवं. मेडिकलमध्ये किंवा आयुर्वेदिक दुकानात मिळतं, पण दातदुखीचं म्हणून विकलं जाणारं तेल अनेकदा कापूर, पुदिना किंवा दुसरी तेलं मिसळलेलं असतं. लेबलवर फक्त लवंगतेल लिहिलेलं असेल तेच घ्या.

हत्यार म्हणजे क्युटिकल निपर, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळणारा, बारीक टोकाचा आणि नवा. साधं नेलकटर नको, त्याची पाती वक्र असतात आणि दात कुठे कापला जातोय ते दिसत नाही. निपर उकळत्या पाण्यात ठेवून थंड करून घ्या. शिवाय दोन टब, ड्रॉपर, झाकणाची छोटी बाटली, टॉर्च, एअरपंपाचा दगड (ज्यातून हवेचे बुडबुडे येतात तो), आणि साबण किंवा कम्फर्टचा अंश नसलेला धुतलेला सुती रुमाल. हातमोजे घाला. पफरच्या अंगात विष असू शकतं, कातडीतही. मासा हाताळताना डोळ्यांना किंवा तोंडाला हात लावू नका आणि नंतर हात नीट धुवा. बोट त्याच्या तोंडासमोर कधीच नेऊ नका.

आदल्या दिवशी पाण्याचा साधारण चौथा हिस्सा बदला आणि माशाला 24 तास खायला देऊ नका. भरल्या पोटी गुंगी दिली तर तो ओकतो आणि ते कल्ल्यांत अडकतं. मासा आधीच खूप अशक्त असेल तर आधी दोनेक दिवस अगदी बारीक चिरलेलं मऊ खाणं तोंडाजवळ चिमट्यानं देऊन बघा. थोडं जरी पोटात गेलं तरी फरक पडतो.

दोन्ही टबांत टाकीचंच पाणी भरा. नळाचं नाही, वेगळ्या क्षारतेचं नाही, वेगळ्या तापमानाचं नाही. एका टबात मोजून 2 लिटर, हा गुंगीचा. दुसऱ्यात 5 लिटर, त्यात हवेचा दगड आधीच चालू ठेवा.

गुंगी देताना

तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. थेट टबात थेंब टाकले तर मासा तेलाच्या तवंगातून जातो आणि त्याला किती मात्रा मिळाली ते कळत नाही. म्हणून बाटलीत टाकीचं 100 मिली कोमट पाणी घ्या, त्यात 10 थेंब तेल टाका, झाकण लावून पाणी दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा. आता या मिश्रणाच्या 10 मिलीमध्ये साधारण एक थेंब तेल आहे. ड्रॉपरचे थेंब लहानमोठे असतात, म्हणूनच मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवायची.

माशाला जाळीनं उचलून हवेत काढू नका. भेदरलेला पफर फुगतो, आणि पाण्याऐवजी हवा भरली गेली तर ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. पाण्याखालीच एखादं भांडं पुढे धरून त्याला पाण्यासकट आत घ्या. पाणी भरून फुगला तर थांबा, शांत झाला की स्वतःच सोडतो. मग गुंगीच्या टबात सोडा.

दर वेळी बाटली पुन्हा हलवून 2 लिटर पाण्यात 10 मिली मिश्रण घाला, म्हणजे लिटरला अर्धा थेंब. दोन मिनिटं बघा. काही फरक नसेल तर आणखी 10 मिली. लिटरला एक थेंब, म्हणजे 40-50 मिलीग्रॅमच्या आसपास पोचेपर्यंत बहुतेक मासे आडवे होतात. थोडं जास्त लागू शकतं, पण लिटरला दोन थेंबांपर्यंत जाऊनही गुंगी आली नाही तर पुढे घालू नका. तेल शुद्ध नसण्याची शक्यता जास्त आहे. याच तेलाच्या मोठ्या मात्रेनं मासा मरतो, हे कायम लक्षात असू द्या.

आता नजर फक्त कल्ल्यांवर. आधी श्वास जलद होतो, रंग गडद होतो, मासा थोडा धडपडतो. मग डोलायला लागतो, तोल जातो आणि कुशीवर पडतो. लगेच उचलू नका. शेपटीच्या बुडाशी बोटानं हलकंच दाबा. अंग हललं तर आणखी थांबा. अजिबात प्रतिक्रिया नाही, पण कल्ले संथ आणि एका लयीत उघडझाप करताहेत, हीच योग्य वेळ. लय तुटली, दोन हालचालींमधला वेळ वाढत गेला किंवा कल्ले थांबले, तर काहीही न कापता लगेच ताज्या पाण्यात.

कापणं

ओल्या रुमालात माशाला सैलसर गुंडाळा, डोळे झाकले जातील आणि तोंड बाहेर राहील असं. कल्ल्यांवर दाब येऊ देऊ नका. हात टबाच्या पाण्याच्या अगदी वरच ठेवा, म्हणजे निसटला तर पाण्यातच पडेल. जोडीदारानं टॉर्च धरावा आणि सेकंद मोठ्यानं मोजावेत.

आता चोच नीट बघा. हिरडीच्या जवळचा भाग जाड आणि किंचित गडद असतो, तिथे हात लावायचा नाही. टोकाचा पांढरट, पातळ भाग तोच जास्तीचा. निपर पूर्ण न उघडता बारीकशी फट ठेवून फक्त टोक पकडा, पाती जबड्याला समांतर ठेवा आणि एका झटक्यात बंद करा. कट्ट असा आवाज येतो, तुकडा उडतो. पिळायचं नाही, ओढायचं नाही. एकदम मोठा तुकडा घेण्याऐवजी दोन-तीन लहान तुकडे घ्या. आधी जी पट्टी जास्त पुढे आली असेल ती, मग समोरची. ओठ मिटू शकतील एवढं झालं की थांबा. दात कमी कापले गेले तर काही आठवड्यांनी पुन्हा कापता येतात; जास्त कापले तर जबड्याला इजा होते आणि मासा तरीही खात नाही.

एका वेळी 30-40 सेकंदांपेक्षा जास्त हवेत ठेवू नका. काम उरलं असेल तर मासा पुन्हा पाण्यात बुडवा, कल्ले बघा आणि मगच दुसरी फेरी. पहिल्याच दिवशी दोन्ही जबडे अगदी सरळ करण्याच्या नादात लोक वेळ घालवतात. ओबडधोबड कड पहिल्या काही शिंपल्या फोडताना आपोआप घासली जाते. शेवटी तोंडात तुकडा अडकलेला नाही ना ते बघा आणि तोंड पुढे ठेवून पाण्यात एक-दोनदा पुढे सरकवून धुऊन काढा.

शुद्धीवर आणताना

ताज्या पाण्याच्या टबात माशाला सरळ धरा, तोंड हवेच्या बुडबुड्यांच्या दिशेनं. हळूहळू फक्त पुढे सरकवत राहा म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांवर जाईल. मागेपुढे हिसके देऊ नका, मागे ओढल्यानं पाणी उलटं शिरतं. बहुतेक मासे काही मिनिटांत डोळे हलवायला लागतात, मग कल्ल्यांना जोर येतो, मग शेपटी. कल्ले थांबलेले असतील तरी लगेच सोडून देऊ नका. बरेच मासे दहा-पंधरा मिनिटं असं पुढे सरकवत राहिल्यावर परत येतात.

हवा भरून फुगलाच तर पाण्याखाली तोंड वर आणि शेपटी खाली असा उभा धरा, थोडा हलवा. हवा वरच्या दिशेनं तोंडाकडे येऊन बाहेर पडते. पोट दाबायचं नाही.

मासा नीट पोहायला लागला की टाकीत सोडा. दिवे बंद ठेवा, त्या दिवशी खायला काही नको. गुंगीचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, मोरीत ओता. दुसऱ्या दिवशी मऊ आणि तोंडात एका घासात मावेल असं काही द्या. तीन-चार दिवसांनी लहान स्नेल, म्हणजे पाण्यातली गोगलगाय. टाकीत दुसरा पफर असेल तर अशक्त माशाच्या पंखांचे लचके तोडले जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा.

खाणं: मासळी बाजारातून आणि घरच्या टबातून

मुंबईकर पफरवाल्याला नशिबानं फार लांब जावं लागत नाही. दादर, गिरगाव, माहीम, वर्सोवा, कुठल्याही बाजारात कोळीण मावशींकडे तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, वाट्यावर मिळतात. मावशींना लहान तिसऱ्याच द्यायला सांगा, त्यांचं कवच पातळ असतं आणि दहा-बारा सेंटिमीटरचा पफर ती फोडू शकतो. खुबे मात्र फार जाड कवचाचे, ते मोठ्या फहाकालाच ठीक. चिंबोरीचे पाय लांबीप्रमाणे तुकडे करून द्या, ग्रीन स्पॉटेडला त्यासारखं दुसरं काही नाही. कोळंबी घेताना सोलून देऊ नका म्हणून सांगा, अख्खी कवचासकट हवी. सुका जवळा दातांच्या झिजेसाठी उपयोगाचा नाही.

एकच खाणं रोज देऊ नका. कोळंबीत आणि काही शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब1 जीवनसत्त्व मोडतं. केवळ कोळंबीवर ठेवलेला पफर सुरुवातीला गुटगुटीत दिसतो आणि नंतर खंगतो. आठवड्यातून दोनतीनदा कठीण कवच, बाकीच्या दिवशी गांडूळ, ब्लडवर्म, मासळीचा लहान तुकडा असं बदलत राहा. बाजारातलं सगळं धुऊन दोनतीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच वापरा.

लहान पफरसाठी स्नेल घरीच वाढवा. रॅम्सहॉर्न आणि लहान पाँड स्नेल सगळ्यात सोपे. रोपं विकणारे दुकानदार ते त्रास म्हणून फुकट देतात. स्नेल माशाच्या डोळ्याएवढा असला की बरा. शंकूसारख्या लांब ट्रम्पेट स्नेलचं कवच फार कठीण असतं, लहान पफरचा दात त्यावर तुटू शकतो. नाल्यातले किंवा तलावातले स्नेल आणू नका, त्यांच्यासोबत जंत आणि औषधांचे अंश येतात.

मुंबईच्या नळाला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मृदू आहे. अशा पाण्यात स्नेलच्या कवचावर पांढरे खड्डे पडतात आणि ते कागदासारखं पातळ होतं, आणि मग दात झिजायचे कसे? स्नेलच्या टबात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्ष्यांसाठी मिळतो तोच, किंवा धुऊन ठेचलेल्या शिंपल्या. महिन्याभरात नव्या स्नेलची कवचं टणक दिसू लागतात. क्लोरीन काढल्याशिवाय नवं पाणी घालू नका.

हा टब खिडकीच्या ग्रिलमध्ये उघडा ठेवाल तर डासांच्या अळ्या होणारच, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी साठवलेलं पाणी तपासतात. बारीक जाळीचं झाकण लावा, आत दोनचार गप्पी सोडा, किंवा टब घरातच हवेच्या दगडासह ठेवा. उकडलेल्या काकडीचा किंवा पालकाचा तुकडा हे स्नेलचं पुरेसं खाणं, उरलं तर दुसऱ्या दिवशी काढून टाका.

पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, महाराष्ट्रात ही बंदी 1 जूनपासून सुरू होते, आणि बाजारात ताज्या तिसऱ्यांचा भरवसा राहत नाही. मे महिन्यातच एकेका जेवणाच्या छोट्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, वर तारीख लिहा. एकदा वितळलेली पुडी परत गोठवू नका. बंदीच्या काळात स्नेलच्या टबावरचा भार वाढतो, म्हणून एप्रिलपासूनच त्यातून रोज काढण्याऐवजी मोठे स्नेल अंडी घालायला मागे ठेवा.